बिनहॉर्नची गाडी

पांढुर्ण्याहून निघून अर्धा रस्ता झाला नव्हता, आन् रश्मीच्या बाबाची गाडी चालता चालता चूप झाली. ना धक्का, ना धूर. जसा कोणी तिच्या तोंडावर हात ठेवला.

रश्मीनं सेल्फ मारला. परत मारला. परत... घड्याळात अकरा वाजून पाच. बारापर्यंत सौसरच्या शाळेत हजर व्हायचं होतं, नाही तं मास्तरीणबाईची जागा यादीतल्या पुढच्या नावाले. तीन वर्षं वाट पाहिलेली जागा.

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली.

"सेल्फ मारू नका. बॅटरी रडून राहिली. फार तं एक सेल्फ उरला असंल."

"भैया, तुम्ही मेकॅनिक आहा?"

"आहो. स्वप्निल नाव. पण भैया नका म्हणू... मंग हात चालत नाही."

"कुठले?"

"सावरगावचा."

रश्मीच्या भुवया चढल्या. "म्हणजे नदीपल्याडचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या खेळात आमच्यावर गोटे फेकणारे."

"एकच दिवस फेकतो. बाकी सालभर तुमच्याच गाड्या दुरुस्त करतो." त्यानं मागचं दार उघडून सीटले कान लावला. "फक्त चावी फिरवा. सेल्फ नाही."

तिनं फिरवली.

"काई नाही," तो म्हणाला. "पेट्रोलचा पंप इथं खाली असते. चावी फिरवली का दोन सेकंद गुणगुणते. तुमचा मुका झाला."

"मंग संपलं माह्यं..."

"पंप मेला असंल तं संपलं. पण त्याले करंटच भेटत नसंल तं? हॉर्न वाजवा."

"आता? हॉर्न?"

"वाजवा तं."

पींऽऽ. बाभळीवरचा बगळा उडाला.

स्वप्निलनं बोनेट खोललं आन् माचिसीपेक्षा लहान दोन काळे रिले उपटले. "हा पंपाले करंट देते, हा हॉर्नले. जुळे भाऊ. हॉर्नवाला चांगला आहे, आताच ऐकला. तो पंपाले लावतो... हं, चावी."

सीटखाली बारीकसं — ऊंऽऽ.

बोनेटच्या आडून तो डोकावला, आन् काचेतून दोघांची नजर भेटली. जराशी जास्तच थांबली.

"आता मारा," तो हळूच म्हणाला. "एकच आहे."

रश्मीनं डोळे मिटले. गाडी कण्हली, अडखळली, मरता मरता... धरली.

"हॉर्न बंद राहीन. वळणावर सांभाळून. सावरगावात पुलाजवळ माह्यं दुकान आहे, संध्याकाळी नवा रिले बसवून देतो. जा न आता, पाहत काय राहिल्या?"

"तुमच्या नाकाले काळं लागलं," ती म्हणाली, आन् गेली.

संध्याकाळी गाडी दुकानासमोर थांबली. सवयीनं तिनं हॉर्न दाबला. काईच नाही. 'भैया' ओठापर्यंत आलं, ते तिनं गिळलं.

"स्वप्निल..."

पानठेल्यावरची चार डोकी वळली. तो नवा रिले घेऊन आला. नाक घासून पुसलेलं.

"पोहोचल्या?"

"अकरा पन्नासले सही केली."

"बोनेट खोला, बसवून देतो."

"राहू द्या."

"अवो, बिनहॉर्नची गाडी चालवसान? रस्त्यात कोणी आडवं आलं तं?"

"हाक मारीन."

"आन्... मी आलो तं?"

रश्मीनं चावी फिरवून गाडी बंद केली.

"तं थांबीन."