बारावा ठिपका

त्या बाईंच्या मनगटावर ठिपक्यांचं कडं होतं. अकरा ठिपके, आणि बाराव्याची जागा मोकळी. रक्त काढण्यासाठी शीर शोधणारं माझं बोट तिथेच थांबलं. माझ्या मनगटावर अगदी तसंच कडं आहे.

“छान आहे ना?” त्या म्हणाल्या. नव्या टॅटू स्टुडिओतलं, खास मोजक्या लोकांसाठी. ती मोकळी जागा म्हणजे म्हणे अपूर्णतेचं सौंदर्य.

मी नळी भरली, कापूस दाबला.

माझं कडं आईने गोंदलंय. तिने जन्मभर दारोदार बसून बायकांचे हात गोंदले. आमच्या घरात मुलगी जोडीदाराचं काय ते ठरवते, त्या दिवशी आई बारावा ठिपका टाकते. हे बाहेरच्या एकालाच ठाऊक होतं.

तो पहिल्यांदा लॅबमध्ये रक्त तपासायला आला तेव्हा सुईच्या भीतीने डोळे गच्च मिटून बसला होता. धंदा विचारला, तर टॅटू काढतो म्हणाला. मला हसू आवरेना.

“हसू नका… तिथे सुई माझ्या हातात असते.”

मग तो कारण नसताना येऊ लागला. माझं मनगट हलकेच धरून म्हणायचा, “ठरव ना — किती दिवस ही जागा रिकामी ठेवणार?” मी हात सोडवून घ्यायचे, जरा उशिराच. उन्हाळा गेला, थंडी आली. उत्तर मात्र ओठांवरच राहिलं.

त्या बाई आल्या त्याच संध्याकाळी मी तो काम करतो त्या स्टुडिओत गेले. दाराच्या काचेवर माझंच मनगट, हातभर मोठं.

“प्रेमानेच काढलं गं,” तो म्हणाला. “मालकाला आवडलं, मग…”

गेल्या महिन्यात आई तिथे काम मागायला गेली होती. असल्या गोंदणाऱ्या बायकांच्या घाणेरड्या सुयांना आमचे ग्राहक घाबरतात, म्हणत मालकाने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हा तू आत होतास का, मी विचारलं. “होतो,” तो म्हणाला.

“तिची सुई घाण, आणि तिची नक्षी खास?”

तो माझ्यामागोमाग घरी आला. आईची माफी मागतो म्हणाला. आई दिव्याखाली सुया पुसत होती. तो वाकला, काहीतरी पुटपुटला. आईने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्या मांडीवर मनगट ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू उमललं.

“आई, टाक बारावा ठिपका,” मी म्हणाले. “माझं ठरलंय. याच्याशी नाही.”