डाव्या हाताचा टाका

"आई, बाळ इकडे द्या बघू!" असं म्हणत सुनेने माईंच्या मांडीवरून तीन महिन्यांची चिमुरडी उचलूनसुद्धा घेतली. "रागावू नका, पण तुमच्या बोटाला आज पुन्हा नवा फोड आलाय. काल म्हणे तवा, परवा कुकर... उद्या हिलाच काही झालं तर?"

ज्या नातीसाठी माईंचा जीव आसुसला होता, तिची ऊब अजून मांडीला होती, आणि मांडी मात्र रिकामी!

"अगं, ती पहिल्यापासूनच धांदरट!" खोलीच्या मधोमध स्टुलावर बसून जुन्या टीव्हीचं मागचं झाकण उघडता उघडता नाना हसले. "एक काम धड करेल तर शपथ!"

नाना टीव्ही मेकॅनिक. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, आणि दुकानात तीस वर्षं शेजारी बसून स्क्रू, तारा, पक्कड हातात देणाऱ्या माई. सहा वर्षांपूर्वी नानांचा हात थरथरायला लागला. यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले होते, "हात गेला म्हणजे मी गेलो!" त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक तोच सेट दुसऱ्यांदा परत घेऊन आलं. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. हात मांडीखाली दाबून भिंतीकडे बघत बसले... आणि माईंच्या मनाने पक्कं ठरवलं, यापुढे या घरातून गेलेला एकही सेट परत येणार नाही!

तेव्हापासून दुपारी नानांचा डोळा लागला की माई दुकानात शिरत, धातू वितळवून तारा जोडायचं सोल्डरिंगचं आयर्न तापवत आणि नानांनी मारलेला प्रत्येक कच्चा टाका उकलून पुन्हा पक्का मारत. शिकवलं कोणी? कोणीच नाही. बघून बघून शिकल्या. बोटं भाजली की तव्यावर ढकलायचं, आणि धांदरट ठरायचं. पण त्या बदल्यात आपली नातच आपल्या हातात येईनाशी होईल, हे मात्र त्या बिचारीच्या ध्यानीमनी नव्हतं!

"बाबा, कशाला जिवाला त्रास?" मुलगा भिंतीवर नव्या टीव्हीसाठी पेन्सिलने खुणा करत म्हणाला. "संध्याकाळी माणूस येऊन हा जुना घेऊन जाईल. आणि खरं सांगू? दुकानाचंही आता आवरतं घ्या."

नानांचा चेहरा लाल झाला. "घरचा सेट मला दुरुस्त करता आला नाही ना, तर उद्यापासून शटर उघडणार नाही! झालं समाधान?"

पडद्यावर मधोमध नुसती एक आडवी रेघ येत होती. कुठला टाका सुटलाय, ते माईंनी मागूनच ओळखलं होतं. पण आज सगळे घरी, आणि नाना तर हट्टाने जागे! हात कसा घालायचा?

नानांनी टाका मारला. हात थरथरला, सोल्डरचा गोळा भलतीकडेच पडला. बटण दाबलं... रेघ तशीच. प्लग काढून पुन्हा टाका मारला. रेघ तशीच! मुलगा मान खाली घालून उभा राहिला.

"अहो, जरा पडा ना घटकाभर," माई काकुळतीने म्हणाल्या. "नंतर करा."

"नाही. आत्ताच!" नानांनी भिंग डोळ्याला लावलं आणि टीव्हीच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर वाकले. वाकले ते वाकलेच.

"तीन वर्षांपूर्वी हा ट्रान्सफॉर्मर मीच बदलला होता ना गं?"

"तुम्हीच की! दुसरं कोण?" माई जरा जास्तच घाईने म्हणाल्या.

"मी उजव्या हाताने आयर्न उचलतो. माझ्या टाक्याचं टोक उजवीकडे झुकतं." नानांचा आवाज फुटत होता. "हे सगळे डावीकडे झुकलेत. या घरात डावखुरं कोण आहे?"

"मला कुठलं येतंय ते... मी आपली बाईमाणूस..."

"पुरे!" नानांनी माईंचा डावा हात ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर उलटा केला. बोटांच्या पेरांवर बारीक बारीक डाग होते, काही जुने, काही ओले. "बघा रे! हे तव्याचे डाग आहेत? सहा वर्षं मला वाटत होतं, हात थरथरतो पण अजून काम चुकत नाही... मिरवत होतो मी! आणि हिला धांदरट म्हणत होतो! बोलली का नाहीस गं एकदा तरी?"

"बोलले असते तर तुम्ही स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला असता!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माईंचा आवाज चढला, आणि डोळे घळाघळा वाहू लागले. "मला ते बघवलं नसतं हो!"

मुलाच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. सून रडत पुढे आली, बाळाला दोन्ही हातांवर धरून. "आई, चुकलं माझं... घ्या ना हिला!"

माईंचे हात पुढे झालेच होते. पण त्यांनी ते आवरले, पदराने डोळे पुसले आणि स्टूल पुढे ओढलं. "घेईन गं, पोटभर घेईन. आधी हे आयर्न तापलंय तोवर काम होऊ दे. संध्याकाळी माणूस यायचाय म्हणे!"

"तो येणार नाही," मुलगा हळूच म्हणाला. "मी फोन करतो."

नानांनी बॅटरी उचलली आणि उजेड पाटीवर धरला. उजेड थरथरत होता. कधी टाक्यावर, कधी भलतीकडेच. मुलगा पुढे सरसावला, "द्या बाबा, मी धरतो."

"राहू दे," मान वर न करता माई म्हणाल्या. "त्यांनाच धरू दे. तेवढ्या उजेडात येतं मला."