सात कोंबड्या आणि बंद दार

"ताई, धर! ही शेवटची!"

उंबराच्या फांदीवरून पोशाने तांबडी कोंबडी खाली सोडली. पंख फडफडवत ती थेट भागीच्या अंगावर आली आणि भागीने तिला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आजचा हा सहावा दिवस होता. दिवस कलला की सातही कोंबड्या खुराड्याकडे पाठ फिरवायच्या आणि एकेक करून उंबरावर जाऊन बसायच्या. मग तिचा दहा वर्षांचा चुलतभाऊ पोशा झाडावर आणि बारा वर्षांची भागी झाडाखाली, अशी दोघांची कसरत सुरू व्हायची.

"आत घाला आणि दार लावा," नवनाथकाका ओट्यावरून म्हणाले. "एवढं झकास खुराडं बांधलं, पण या महाराण्यांना झाड पायजे."

खुराडं खरंच झकास होतं. वाडीखालचा कोंबड्यांचा मोठा शेड बंद पडला, तेव्हा तिथली लाकडं, फळ्या आणि बसायच्या दांड्या वाडीकरांना फुकट वाटल्या गेल्या. काकांनी खांद्यावरून दोन खेपा आणल्या आणि दोन दिवस खपून खुराडं उभं केलं. फुकट मिळालेल्या वस्तूचं काकांना भारी कौतुक असायचं.

भागीने तांबडीला दारातून आत सोडलं. ती दांडीवर चढलीच नाही. कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली.

"रविवारी इद्रिसभाईचा टेंपो येईल," काका म्हणाले. "सगळ्या देऊन टाकतो. अंडी घालणं जवळपास बंद, तुरे पांढरे पडलेत. रोग हाय हा. उद्या वाडीभर पसरला तर लोक मलाच बोलतील."

"पण काका, त्या आईच्या हायेत."

काका हळूच म्हणाले, "ठाऊक हाय गं. वैनीला काय तोंड दाखवू, ह्याच विचारात हाय मी."

भागीचे आईबाबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले होते. दर वर्षीच जायचे. वाडीतली निम्मी घरं तशीच कुलपं लावून जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. आश्रमशाळेला सुट्टी लागली तेव्हा भागी पत्र्याची पेटी घेऊन धावत वाडीत आली. आई आली नसणार हे तिला माहीत होतं, तरी दाराचं कुलूप तिने ओढून बघितलं. आता ती काकांकडे राहायची. सुनिताकाकू मायेने करायची, ताटात आधी भागीला वाढायची. पण काकूच्या घरात काकूचं घर होतं, आईचं नव्हतं. फोन करावा तर आईकडे फोन नाही. मुकादमाच्या फोनवरून कधीतरी चार शब्द यायचे, त्यातले दोन रेंज नसल्याने हरवायचे.

आईने जाताना कोंबड्या काकांच्या हवाली केल्या होत्या. त्याआधी त्या घरातच, ओटीच्या कोपऱ्यात बांबूच्या डालग्याखाली झोपायच्या. तांबडीला तर आईने पिल्लू असताना पदरात घेऊन वाढवलं होतं.

आणि या कोंबड्यांची आणखी एक गोष्ट होती. ती भागीला फार आवडायची.

रोज दुपारी, ऊन चढलं की सातही जणी ओळीने निघायच्या आणि भागीच्या बंद घरामागे जायच्या. मागच्या दाराशी माती उकरायच्या, अंग घासायच्या, पुन्हा उकरायच्या. कोणी हाकललं तरी परत यायच्या.

"सोनुबाईची वाट बघतात बघ," काकू भागीच्या आईचं नाव घेऊन म्हणायची. "मुक्या जनावराला बी माया असते."

वाडीत सगळे तसंच म्हणायचे. भागी मग रोज दुपारी तिथेच दाराला टेकून बसायची. सात कोंबड्या आणि एक मुलगी, अशी आठ जणं आईची वाट बघतायत, हे तिला बरं वाटायचं. एकटीने वाट बघण्यापेक्षा ते बरंच सोपं होतं.

गुरुवारी इद्रिसभाई अंडी गोळा करायला आले. त्यांच्या टेंपोतून इल्मा उतरली. ती भागीच्याच वयाची. सुट्टीत अब्बांबरोबर फिरायची आणि वरच्या वाड्यांना जाऊन ते परत येईपर्यंत या दोघांत रमायची.

"फक्त तीन अंडी?" इल्माने टोपलीत डोकावून पाहिलं. "मागच्या सुट्टीत ढीग असायचा की."

भागीने तिला सगळं सांगितलं. उंबर, खुराडं, रविवार.

"म्हणजे आपल्याकडे तीन दिवस आहेत," इल्मा म्हणाली. "खुराड्यात काहीतरी येतं. मुंगूस नाहीतर साप. त्याला पकडायचं."

"मी पकडतो," पोशा लगेच म्हणाला.

"तू आधी पायांत चपला घाल," भागी म्हणाली.

काकूचं पीठ घेतलं असतं तर तिने पाठीत धपाटा घातला असता, म्हणून तिघांनी वाटेवरची मऊ धूळ चाळून आणली आणि पाऊल उमटावं म्हणून खुराड्याभोवती सारखी पसरली. फळ्यांच्या फटी तपासल्या. साप शिरेल एवढी फट कुठेच नव्हती. फटी होत्या त्या नखाएवढ्या बारीक. पोशाने आत निम्मं अंग घालून दांड्या हलवून बघितल्या.

बाहेर आला तो दंड खाजवत. "काय चावलं रं तुला?" भागीने विचारलं.

"काय नाय. घामोळं. रोज संध्याकाळी येतं. माझ्या बाबाला बी येतं."

इल्मा टेंपोत चढताना खुराड्याकडे बघत थांबली. "हे लाकूड त्या खालच्या शेडचं आहे ना? अब्बा जुन्या शेडची जाळीसुद्धा गाडीत घेत नाहीत. फुकट दिली तरी नाही."

"का?"

"विचारलं नाही कधी. विचारून ठेवते."

टेंपो उताराला लागला आणि पोशाला काकूने पाण्याला पाठवलं. भागी एकटी उरली. शुक्रवारी सकाळी ती खुराड्यासमोर बसून विचार करत राहिली. धुळीवर जनावराचं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. ना मुंगूस, ना मांजर, ना साप. बाहेरून कोणीच आलं नव्हतं. आणि तरीही आत सोडलेली तांबडी पहाटे दार उघडताच गोळी सुटावी तशी बाहेर पळाली होती.

बाहेरून कोणी येत नाही, मग आतच कोणी असेल तर?

ते घामोळं रोज संध्याकाळीच का येतं? काकूला ते येत नाही, भागीलाही नाही. खुराड्यात खांद्यापर्यंत हात घालतात ते फक्त काका आणि पोशा. भागी ताडकन उठली. तिने पेटीतून शाळेची पांढरी रिबीन काढली, दुहेरी घडी करून खुराड्यातल्या दांडीला गच्च गुंडाळली आणि टोक दांडी जिथे फळीत बसली होती त्या फटीत खोचलं. मग संध्याकाळी कोंबड्या आत घातल्यावर नेहमीसारखं दार लावलं.

शनिवारी सकाळी तिने रिबीन सोडवली. वरून ती जवळजवळ पांढरीच होती. मग तिने घडी उलगडली. आत करडी, लालसर धूळ होती, आणि ती धूळ चालत होती.

पोशाने बोटाने ती चिरडली. रिबिनीवर रक्ताचा डाग पडला.

"आयला," तो हळूच म्हणाला. "हे कोंबडीचं रगत हाय?"

"हो. हे किडे दिवसा फटीत लपतात आणि अंधार झाला की कोंबड्यांचं रक्त पितात. म्हणून तुरे पांढरे. म्हणून उंबर." भागी बोलत होती आणि एकेक गाठ सुटत होती. मग आणखी एक गाठ सुटली.

आईची चूल. आई रोज सकाळी चुलीतली राख काढून मागच्या दाराशी ओतायची. कोंबड्या तिच्यात लोळायच्या, पंखांत राख भरून घ्यायच्या, आणि आई हसून म्हणायची, "झाली यांची आंघोळ." काकूकडे गॅस आला होता. तिथे चूल नव्हती, राख नव्हती. आणि बंद घराची चूल सहा महिने थंड होती.

म्हणजे रोज दुपारी त्या जात होत्या, त्या राखेसाठी. अंगाची आग होत होती म्हणून. आईची वाट कोणीच बघत नव्हतं.

भागी मागच्या दाराशी गेली. तांबडी उकरत होती. राखेचा जुना थर केव्हाच वाऱ्याने उडाला होता, खाली नुसती कोरडी माती होती. भागीला तांबडीचा राग आला, मग स्वतःचाच राग आला, आणि मग ती गुडघ्यांत डोकं घालून रडली. इतके दिवस आठ जणं होती. आता ती एकटीच होती. हे कोणाला सांगितलंच नाही तर? वाडीत सगळे म्हणत राहतील, सोनुबाईच्या कोंबड्या किती मायाळू. पण मग उद्या त्या टेंपोत जातील.

तिने डोळे पुसले आणि रिबीन काड्यापेटीत बंद केली.

रविवारी टेंपो आला. काकांनी कोंबड्या पाय बांधून तयार ठेवल्या होत्या.

"काका, आधी हे बघा."

"पोरींचे खेळ नंतर," काका म्हणाले. "इद्रिसभाई, घ्या मोजून."

काका ऐकणार नाहीत हे भागीला माहीतच होतं. म्हणून ती काकांशी वाद घालत बसली नाही. ती सरळ टेंपोकडे गेली, काड्यापेटी उघडली आणि इद्रिसभाईंसमोर धरली. "चाचा, या कोंबड्या ज्यात झोपतात, त्यातलं आहे हे. तुमच्या जाळ्यांत चाललं तर घाला गाडीत."

इद्रिसभाईंनी रिबीन पाहिली आणि उचललेली तांबडी खाली ठेवली.

"नवनाथ, एक पण घेत नाही मी. माझी सगळी गाडी भरेल या किड्याने. कुठलं लाकूड वापरलंस?"

"खालच्या शेडचं. फुकट मिळालं," काका पुटपुटले.

"बघ, म्हणूनच अब्बा जुन्या शेडचं काही घेत नाहीत," इल्मा भागीच्या कानाशी लागली.

"शेड बंद पडला, पण किडा लाकडात जिवंत राहतो," इद्रिसभाई म्हणाले. "खायला नसलं तरी महिनोन् महिने. कोंबड्यांना रोगबिग काही नाही. लाकूड जाळ, आणि यांना भरपूर राख दे. महिन्याभरात बघ, अंडी ठेवायला टोपली पुरणार नाही."

काकांनी खाली बसून स्वतःच कोंबड्यांच्या पायांच्या दोऱ्या सोडल्या. मग आपला खाजवून लाल झालेला दंड बघितला आणि कसनुसं हसले. "इतके दिवस मी हिला म्हणतोय, तुझा साबण वाईट हाय."

"आता साबणाची माफी माग," काकू म्हणाली आणि कमरेची किल्ली काढून भागीच्या हातात दिली. "जा, आईची चूल पेटव. आजचा सैपाक तिथंच करू."

दुपारी वाडीबाहेरच्या मोकळ्या माळावर काकांचं झकास खुराडं जळालं. आणि त्याच वेळी सहा महिन्यांनी सोनुबाईच्या घरातून धूर निघाला. राख निवल्यावर भागीने ती मागच्या दाराशी ओतली. सात कोंबड्या अशा लोळल्या की त्यांचा रंग ओळखू येईना. त्या संध्याकाळी कोणी उंबरावर चढलं नाही. ओटीच्या कोपऱ्यात डालग्याखाली गुपचूप जाऊन बसल्या. पोशाला जरा वाईटच वाटलं, त्याचं झाडावर चढणं गेलं.

नवव्या दिवशी भट्टीवरचा ट्रक आला. बाबा सामान उतरवत मागे राहिले आणि आई डोक्यावर बोचकं घेऊन चढण चढत आली. वाटेतच काकांनी तिला गाठलं. "वैनी, तुझ्या पोरीनं राखल्या बघ कोंबड्या. मी तर विकायलाच निघालो व्हतो. आमच्यापेक्षा तिचं डोकं चालतं." हे ते नंतर वाडीभर सांगत फिरले.

आई घरामागे आली. कोंबड्या राखेत पसरल्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही. तांबडीने तर तिच्याकडे पाठच केली.

"अगं बाई," आई म्हणाली. "वाटेत सगळे म्हणाले, माझी वाट बघतात. ह्यांनी तर वळकलं बी नाय मला."

"त्या वाट बघत नव्हत्या, आई," भागी म्हणाली. "त्यांना राख हवी होती. वाट मी बघत होते."

आईने डोक्यावरचं बोचकं तसंच खाली टाकलं. भट्टीच्या लाल धुळीने भरलेले हात तिने भागीच्या दोन्ही गालांना लावले.

"मग तेच तर विचारत आले ना मी साऱ्या वाटेनं," ती म्हणाली. "माझी भागी कुठं हाय."