बारा सेकंद आई हलली नाही

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पटवून द्यायला माझ्या अंगात त्राण उरलेलं नाही. पण यातलं अक्षरही रचलेलं नाही.

यंदाच्या जानेवारीतला दुसरा रविवार. दुपारचे साडेबारा. जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर एका कोचिंग क्लासच्या मागच्या गल्लीतली गच्ची. लख्ख ऊन होतं. भुतं फक्त रात्री येतात असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मी कीर्ती. मूळची सांगलीची, बँकेत अधिकारी. बदली झाली म्हणून इथे आले. जगतपुऱ्यात भाड्याचा फ्लॅट आहे आणि सोबत आई, तारामती. वय अठ्ठ्याहत्तर. सहा वर्षांपासून कंपवात.

तिचे हात हलतात. हनुवटी हलते. बाबा गेल्यावरही तिने काचेच्या बांगड्या काढल्या नाहीत. त्या दिवसभर किणकिणतात. रात्री तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही, म्हणून मी चार वेळा उठते. मग दिवसा बँकेत उभ्या उभ्या पेंगते.

आठवड्यातले फक्त तीन तास माझे. रविवारी कामाच्या प्रतिमाबाई आईजवळ बसायच्या आणि मी नंदकिशोरजींकडे जुन्या पद्धतीचे फोटो शिकायला जायचे. फिल्म नाही, कागद नाही. थेट पत्र्यावर फोटो. पत्र्यावर रसायन ओतायचं, तो चांदीच्या पाण्यात बुडवायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायचा. समोरच्या माणसाने बारा सेकंद हलायचं नाही. हलला, तर चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

त्या चांदीने माझी बोटं काळी पडायची. बँकेत कुणी विचारलं की मला बरं वाटायचं. माझंही स्वतःचं काहीतरी आहे म्हणून.

त्या रविवारी प्रतिमाबाईंनी दांडी मारली. आईला ऑटोत बसवून मी सोबत नेलं.

नंदकिशोरजींच्या गच्चीवर एक जुनी खुर्ची होती. जयपूरजवळच्या चाकसूचा कुठलासा फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी ती आणली होती. पूर्वी तिच्या पाठीला मान टेकवायचा, दोन्ही कानांमागे धरणारा लोखंडी आधार असायचा. तो मोडला होता, म्हणून त्यांनी काढून टाकला होता.

आई त्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझा काढ."

"आई, बारा सेकंद स्थिर बसावं लागतं गं."

"म्हणून तर म्हणतेय. सहा वर्षं झाली. मला एकदा स्वतःला न हलताना बघायचंय."

"मोबाइलवर काढते की."

"तो चोरून काढतो. त्यात माझं काय कर्तृत्व?"

नंदकिशोरजी हसले. "माताजी की बात तो माननी पड़ेगी, मैडम."

मी पत्रा तयार केला. कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि मोजायला लागले.

एक. दोन. तीन.

चारला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

समोरच्या कोचिंग क्लासमधले सर माइकवर गणित शिकवत होते. ते ऐकू येत होतं. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. फक्त...

बांगड्या वाजत नव्हत्या.

मी आईकडे पाहिलं. हनुवटी थांबलेली. हात मांडीवर शांत. मी मोजत राहिले.

बारा.

झाकण लावलं आणि बांगड्या पुन्हा सुरू झाल्या.

"मान छान धरलीस," आई म्हणाली. "पण हात किती गार गं तुझे."

मी कॅमेऱ्यापाशी होते. नंदकिशोरजी माझ्या शेजारी. खुर्चीमागे मोकळी गच्ची आणि पांढरी भिंत.

"मी नव्हते धरली, आई. कोण होतं?"

"मला काय ठाऊक? मागे वळायचं नसतं ना."

पत्रा धुतला. निळसर धुकं हळूहळू विरलं आणि आई वर आली. स्पष्ट. सुरकुती न् सुरकुती. मागे कुणीही नाही, नुसती भिंत. आई तो पत्रा हातात घेऊन खूप वेळ रडली. मलाही रडू आलं. तिथेच थांबायला हवं होतं.

पुढच्या रविवारी ती सकाळी सातलाच तयार होऊन बसली. त्या दिवशी फोटो झाल्यावर तिचे हात संध्याकाळपर्यंत हलले नाहीत.

तिसऱ्या रविवारनंतर तीन दिवस.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलंय. मी मान डोलावली. त्या रात्री ती कूस बदलायला हाक मारत नव्हती, मी झोपत होते. तीन-चार तास सलग.

पण घरात एक वेगळंच सुरू झालं होतं. जेवताना आईचा घास तोंडाजवळ येऊन थांबायचा. नजर एकाच जागी. हाक मारली की उत्तराला वेळ लागायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "आई, किती वेळ हाका मारतेय."

ती हळूच म्हणाली, "अगं, आधी मान सोडू तर दे त्याला..."

कुणाला, ते मी विचारलं नाही.

चौथ्या रविवारी नंदकिशोरजींनी पत्रा उन्हात धरून मला दाखवला.

"बारह सेकंड में आदमी दो-तीन बार पलक झपकाता ही है. आँखें थोड़ी धुंधली आती हैं. ये देखिए."

आईची पापणी न् पापणी वेगळी दिसत होती. बारा सेकंदांत डोळा एकदाही मिटला नव्हता.

"अब इन्हें मत लाइए, मैडम." एवढंच म्हणाले. खुर्ची उचलून त्यांनी जिन्याखाली ठेवली. हात मात्र नळाखाली बराच वेळ धुतले.

यावेळी आईचे हात तेरा दिवस हलले नाहीत.

परवा रात्री मी सात तास झोपले. सहा वर्षांत पहिल्यांदा. जाग आली ती धसक्यानेच. धावत जाऊन तिच्या नाकासमोर हात धरला. श्वास चालू होता. अंग उबदार होतं. मग मी तिच्या मानेला हात लावला...

दोन्ही कानांमागे ती बर्फासारखी गार होती. तेवढ्याच दोन जागी.

हे लिहितेय तो शनिवार आहे. दुपारी आईचा उजवा अंगठा हलायला लागला. अगदी किंचित. तिने तो पदराखाली लपवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"उद्या नेशील ना?"

नाही म्हणायला हवं होतं. मला सगळं दिसतंय. दर खेपेला ती परत यायला जास्त वेळ लावते, आणि एक दिवस येणार नाही, हेही कळतंय.

मी नंदकिशोरजींना फोन केला. ते आढेवेढे घेत होते, तरी अजिजी करून एकदाच म्हणून खुर्ची बाहेर काढायला लावली.

मग आईला म्हटलं, "नेते."

ती खूश झाली. "माझी गुणाची लेक," म्हणाली.

तिला कसं सांगू, मी हे तिच्यासाठी करत नाहीये. मला फक्त झोप हवीय.