पंचावन्न लिटर

इरावतीचं काम पाणी मोजायचं. स्वतः नाही मोजायचं. ठिकठिकाणच्या बंदरांत पाण्याची पातळी टिपणारी जी यंत्रं असतात, ती खरं बोलतायत की नाही हे पाहायचं. हॉलंडमधल्या डीमन गावातल्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर ऑफिस, खिडकीपाशी टेबल, दोन स्क्रीन आणि त्यांवर एकोणतीस बंदरांच्या एकोणतीस निळ्या रेघा. भरतीला चढणाऱ्या, ओहोटीला उतरणाऱ्या. बारा वर्षं ती हेच करत होती आणि तिला ते मनापासून आवडायचं.

फेब्रुवारीत तिकडे सांगलीला तिची आई वारली. इरावती पोचली तेव्हा सगळं उरकून अकरा तास झाले होते. फरशी फिनेलने पुसलेली होती आणि आईची कॉट उभी करून भिंतीला टेकवून ठेवली होती. तिला रडू आलं नाही. डीमनला परतल्यावरही आलं नाही. ती वेळेवर उठायची, डबा भरायची, कामावर जायची. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं तिला सगळ्या अंगाचंच झालं होतं.

"इरा, एकदा हाउसआर्ट्सकडे जाऊन ये," तिचा नवरा अंबरीश म्हणायचा. "फॅमिली डॉक्टरच तर आहेत, नुसतं बोलायला काय हरकत आहे?"

"जाईन," ती म्हणायची.

जूनमध्ये तिला नॉर्वेला पाठवलं गेलं. पार उत्तरेला हालनेसविक नावाचं छोटं बंदर होतं, आणि तिथल्या रेघेत वर्षभर एक चूक येत होती. रोज सकाळी अकरा वीसला पाणी एकदम सात सेंटिमीटर खाली जायचं, मग हळूहळू जागेवर यायचं. अकरा पन्नासला तेवढंच एकदम वर उसळायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. रोज. भरती असो, ओहोटी असो. तीन दिवस राहा, दोष शोध, नाही सापडला तर यंत्राखालची जुनी विहीर पोलादी झाकणाने कायमची बंद कर आणि बाहेर नवा सेन्सर लाव, असं तिला सांगितलं होतं.

दोन विमानं, एक बस आणि शेवटी फेरीबोट. गाव चारशे वस्तीचं. लाल-पिवळी लाकडी घरं, पांढरं चर्च आणि तिन्ही बाजूंनी पाण्यातून सरळ वर गेलेले काळे डोंगर. त्यांच्या घळींमध्ये जूनमध्येही बर्फ होतं. मधे फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याचं पाणी, तेलासारखं स्थिर. सूर्य मावळतच नव्हता. डोंगरांच्या माथ्यांवरून नुसता गोल फिरत राहायचा. बारा वर्षं सपाट हॉलंडमध्ये काढलेल्या माणसाचा जीव हे पाहून हरखायला हवा होता. आपल्याला काही वाटत नाहीये, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं.

मोजणीची खोली धक्क्याच्या टोकाला होती. लाकडाची, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. किल्ली एइनारकडे असायची. एइनार सत्तरी ओलांडलेला, उंच, हाडापेराने दणकट. पूर्वी बंदरावरच नोकरीला होता. त्याने दार उघडलं. जमिनीत एक गोल लाकडी झाकण होतं आणि त्याखाली सिमेंटची विहीर, एक मीटर रुंद आणि सहा मीटर खोल. तळाशी अंगठ्याएवढं भोक. त्यातूनच फ्योर्डचं पाणी सावकाश आत-बाहेर व्हायचं. त्यामुळे बाहेर लाटा असल्या तरी आत पाणी निवांत. भिंतीशी दोन स्टुलं होती. त्यातल्या एकाची बैठक ओलीने काळी पडली होती.

"छप्पर गळतं का?" इरावतीने इंग्रजीत विचारलं.

"नाही," एइनार म्हणाला.

तिने भोक तपासलं, साफ होतं. यंत्र तपासलं, बरोबर होतं. टेप सोडून स्वतः पाणी मोजलं, तेही जुळलं. सव्वाअकरा झाले तसा एइनार खाकरला.

"आता तुम्ही कॉफी घेऊन या. या वेळेला मी दार लावून घेतो."

त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. ती बाहेर आली, पण कॉफीला गेली नाही. धक्क्यावर उभं राहून फोनवर यंत्राचे आकडे बघत राहिली. अकरा वीसला विहिरीचं पाणी सात सेंटिमीटर उतरलं. धक्क्याच्या भिंतीवर पट्टी रंगवलेली होती; तिथे फ्योर्डचं पाणी तसूभरही हललं नव्हतं. आतून एइनारचं बोलणं ऐकू येत होतं. हलक्या आवाजात, मधे मधे थांबून, समोरच्याला बोलू देत बोलावं तसं.

अकरा पन्नासला पाणी वर उसळलं. थोड्या वेळाने दार उघडलं. एइनारच्या खांद्यावर टॉवेल होता. ओला.

मुक्कामाच्या खोलीवर जाऊन तिने हिशोब मांडला. एक मीटर व्यासाच्या विहिरीत सात सेंटिमीटर म्हणजे किती पाणी? पंचावन्न लिटर. ती त्या आकड्याकडे पाहत बसली. पाण्यात काही बुडालेलं असेल आणि ते बाहेर निघालं, तर पाणी त्याच्या आकाराइतकं उतरतं, परत आत गेलं की तितकंच चढतं. शाळेतलं गणित. पंचावन्न लिटर म्हणजे साधारण पंचावन्न किलोचं माणूस.

तिने लॅपटॉप मिटला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. घाबरायला हवं, असं तिला वाटलं. वाट पाहिली, पण भीती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला तिने विचारलं, "आज मी आत थांबले तर चालेल?"

एइनारने दाराकडे बोट दाखवलं. "दाराशी बसा," तो म्हणाला. "झाकणाकडे पाठ करून."

ती दाराकडे तोंड करून जमिनीवर बसली. फोन मांडीवर. मागे झाकण सरकवल्याचा आवाज झाला. अकरा वीस. आकडा उतरला.

पाण्याचा आवाज झाला नाही. नुसता गारवा आला, तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा. मग थेंब ऐकू येऊ लागले. आधी पाण्यावर पडणारे. मग लाकडावर पडणारे. मग एका जागी, स्टुलाच्या उंचीवरून, टप टप.

टॉवेल झटकल्याचा आवाज आला. एइनार बोलू लागला. नॉर्वेजियन तिला कळत नव्हतं, पण सूर कळत होता. कुणाचं छप्पर दुरुस्तीला आलंय, भाव काय झालेत, कोण आजारी आहे, असलं घरगुती बोलणं. तो थांबायचा, ऐकायचा, एकदा हसलासुद्धा. थांबायचा तेव्हा इरावतीला फक्त थेंब ऐकू यायचे. हळूहळू तेही विरळ झाले.

मग एइनार इंग्रजीत म्हणाला, "ती विचारतेय, तुम्ही कुणासाठी आलात?"

दाराच्या फळीवर एक खिळा होता. इरावतीने त्याच्यावरून नजर काढली नाही.

"मी कामासाठी आलेय."

एइनारने ते नॉर्वेजियनमध्ये सांगितलं.  पलीकडून जे उत्तर आलं असेल, ते त्याने तिला सांगितलं नाही.

अकरा पन्नास झाल्यावर दोघं बाहेर येऊन धक्क्यावर उभे राहिले. ऊन लख्ख होतं.

"मार्गिट," एइनार म्हणाला. "माझी बायको. गेल्या वर्षी मे महिन्यात इथूनच पाय घसरून पडली. तिसऱ्या दिवशी सापडली. वर चर्चपाशी पुरलंय तिला, मीच खांदा दिला. ती कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक आहे." त्याने ओला टॉवेल पिळला. "तुम्ही आता झाकण बसवणार?"

"तसंच सांगितलंय मला."

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

सांगलीच्या त्या अकरा तासांमधला अर्धा तास तिला कुणी दिला असता, तर तिने काय दिलं नसतं? हा विचार तिच्या मनात आला. दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. संध्याकाळी तिने अहवाल लिहिला: तळाच्या भोकात शेवाळ अडकत होतं, साफ केलं आहे, विहीर बंद करण्याची गरज नाही. बारा वर्षांत तिने लिहिलेली ही पहिली खोटी ओळ. तिसऱ्या दिवशी ती फेरीबोटीने परतली.

मग डीमनला रोजचा एक नेम झाला. दुपारी बाराला ती हालनेसविकची रेघ उघडायची आणि तो खड्डा आणि तो उंचवटा पुसून रेघ सरळ करायची. सात खाली, सात वर. दोन मिनिटांचं काम. तीन आठवडे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

जुलैतल्या एका गुरुवारी अकरा वीसला पाणी सात सेंटिमीटर उतरलं. अकरा पन्नासला सतरा सेंटिमीटर चढलं.

गरज नसतानाही तिने कागद घेतला. वरचे दहा सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ऐंशी लिटर. उंच, हाडापेराने दणकट.

तिने बंदराच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी माणूस पाठवला. खोलीला आतून कडी होती. आत कुणी नव्हतं. विहिरीत दिवा सोडला, दुसऱ्या दिवशी कॅमेरा सोडला. पाण्याशिवाय काही नव्हतं. बोटींनी फ्योर्ड पालथा घातला.

झाकण बसवलं असतं तर तो माणूस आज असता. इरावतीने हे वाक्य स्वतःशी स्पष्ट उच्चारलं आणि ते लागायची वाट पाहिली. ते लागलं नाही.

"काय गं?" रात्री जेवताना अंबरीशने विचारलं. "कसला विचार करतेयस?"

"काही नाही. ऑफिसचं."

नऊ दिवस रेघ अगदी शहाण्यासारखी चालली. नुसती भरती, नुसती ओहोटी. पुसण्यासारखं काही नव्हतं.

दहाव्या दिवशी अकरा वीसला पाणी उतरलं. सतरा सेंटिमीटर. तिने खुर्ची पुढे ओढली. हळूहळू ते जागेवर आलं. अकरा पन्नास झाले. काही झालं नाही. बारा झाले. साडेबारा झाले. शेजारचे लोक जेवून परत आले. पाणी वर आलंच नाही.

तिने सवयीने खड्डा पुसला आणि रेघ सरळ केली.

चार वाजता बंदराच्या कार्यालयातल्या बाईंचा मेल आला. मजकूर थोडका होता. शोध अधिकृतपणे थांबवला आहे. एइनारचं घर त्या गुरुवारपासून कुलूपबंद असून किल्ली पोलिसांकडे आहे. तुमची त्यांच्याशी ओळख झाली होती म्हणून विचारते, दुसरी किल्ली कुणाला दिल्याचं ते तुम्हाला काही बोलले होते का? कारण आज दुपारपासून त्यांच्या धुराड्यातून धूर येतो आहे, आणि मागच्या अंगणात दोरीवर दोन माणसांचे कपडे वाळत घातले आहेत.