सरळ रेघ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. गेल्या मंगळवारी, भरदिवसा अकरा वाजता, पनवेलकडच्या एका हॉस्पिटलात.

सत्यवतीआत्या मांडव्याजवळच्या आमच्या गावची धवलारीण. आगरी लग्न तिच्या गाण्याशिवाय लागत नाही. तिच्या मेंदूत गाठ निघाली, नेमकी गाण्या-बोलण्याच्या जागेला खेटून. ती जागा मशीनच्या चित्रात दिसली, तरच डॉक्टर ती वाचवून गाठ काढणार होते.

दोनदा चित्रं वाया गेली. मशीनमध्ये 'गा' म्हटलं की मनातल्या मनात गायचं, 'थांबा' म्हटलं की थांबायचं; त्या फरकावरून ती जागा चित्रात उमटते. पण मनातल्या मनात गायलं तरी आत्याचं डोकं डोलायचं. जित्याची खोड ती! थोडं हललं तर कॉम्प्युटर चित्र सरळ करून घेतो, टेक्निशियन भावेशने समजावलं. पण इतकं हललं तर त्याचाही इलाज चालत नाही.

गाठ वाढत होती. ही शेवटची संधी.

आत्या अरुंद नळीत गेली. तोंडावर पिंजरा. मशीन धडधडू लागलं.

कानात भावेशचा आवाज आला. गा.

घाईत तिला आवतणाचा धवला सुचला... देवांना, पितरांना नाव घेऊन लग्नाला बोलावतात, तो. सुरू केला की मध्येच मोडायचा नसतो. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

तिने पहिलं नाव आपल्या गुरूचं घेतलं. येसूबाईचं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

थांबा.

आत्या थांबली.

गाणं थांबलं नाही...

अगदी कानाशी कोणीतरी पुढची ओळ म्हणत होतं.

मग दोन्ही गालांवर गार तळवे टेकले. लहानपणी ती डोलायला लागली की येसूबाई अशीच डोकं धरायची.

पुन्हा 'गा' आलं. आत्याला सूरच सापडेना. गात होती ती दुसरीच.

घाबरलात तर दाबा, म्हणून हातात रबरी फुगा दिला होता. दाबला तर चित्र जाणार. तरी तिने दाबला...

कोणी आलं नाही.

वीस मिनिटं ती तशीच पडून होती. ओरडायला तोंड उघडेना.

बाहेर काढलं तेव्हा भावेश खूश होता. फुगा दाबल्याचं त्याला कळलंच नव्हतं. डोक्याच्या हालचालीची रेघ सरळ आली होती. सरळ करायला काही उरलंच नाही, म्हणाला. मग जरा घुटमळला.

"मावशी, श्वासाने तरी थोडी हलते ही रेघ. तुमची हललीच नाही."

डॉक्टर म्हणाले, इतकं स्वच्छ चित्र क्वचित मिळतं. गाण्याची जागा लख्ख दिसतेय. पुन्हा काढायची गरज नाही.

तेव्हापासून आत्याची मान वळत नाही. हाक मारली की अंगासकट वळते. काल दुपारी तिने मला जवळ बसवून हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू. कोण ऐकणार, म्हणाली. मग माझा हात घट्ट धरला.

"मी गातच नवती गो. गात व्हती ती येसूबाय. मंग ती जागा कोनाची?"

उद्या सकाळी आठला ऑपरेशन आहे. ते चित्र बघूनच, त्यात दिसलेली जागा तेवढी वाचवून, कापणार आहेत.