पहिलटकरीण

दिवा राहू द्या. ही कटंगीच्या शेवंताबाईंची गोष्ट, आणि बाई अजून जिवंत आहेत. म्हणजे खोटी म्हणायची सोय नाही.

मागल्या वर्षीची पोळ्याची रात्र. बैल पुरणपोळी खाऊन गोठ्यात, माणसं ओसरीवर आडवी. साडेदहाच्या सुमाराला सून गीताला कळा सुरू झाल्या. शेवंताबाई तिला शेजारच्या देवेंद्रच्या जीपमध्ये घालून बालाघाटला निघाल्या. मुलगा राहुल पुढे बसला.

"डॉक्टरीण विचारीन, आधी काही झालं होतं का म्हनून," बाई सुनेला बजावत होत्या. "तू चूप राह्य. मी सांगतो."

"पण आई, मागच्या साली त्या दाईनं..."

"चूप म्हनलं ना तुले!"

पहिली मुलगी नको, हा शेवंताबाईंचा कायदा. सरकारात मंजूर नव्हता, घरात मात्र चालत होता. राहुलची पहिली बायको मंजू. तिचंही पोट त्याच दाईनं पाडलं होतं. आत जखम झाली, महिनाभर ताप. पुढच्या खेपेला बाळाची वार त्या जखमेतच रुतली. डॉक्टरणीनं विचारलं, तर बाई ठणकावून म्हणाल्या, "नाही जी, पहिलटकरीण हाय." त्यामुळे रक्ताची तयारी कुणी ठेवलीच नाही. मंजू गेली. पोटातला मुलगाही गेला.

आता गीताची पाळी.

दवाखान्यात बाईंनी तेच उत्तर दिलं. गीताला आत नेलं, राहुल औषधं आणायला गेला. बाई बाकावर एकट्या. समोरून एक नर्स आली. मान खाली.

"आधी काही झालं होतं का?"

"नाही जी. पहिलटकरीण."

"आधी काही झालं होतं का?"

"सांगतलं ना एक डाव! बहिरी हायेस काय?"

ती जवळ आली. साडी कमरेखाली ओली. फरशीवर थेंब पडत होते... आवाज नव्हता.

"आई..."

शेवंताबाईंना आई म्हणणारी आत कण्हत होती. मग ही?

तिनं गार हातानं बाईंचा जबडा धरला. वर उचलला. बाईंनी तोंड पाहिलं.

"मंजू..."

"माह्यं नाही सांगितलं. हिचं सांग."

बोटं रुतली. दात करकरले.

"सोड, माय... सोड..."

"सांग."

"पाडलं! गीताचं पाडलं! मंजूचंबी पाडलं! मीच..."

डॉक्टरीण धावत बाहेर आली. बाकावर बाई एकट्याच किंचाळत होत्या. डॉक्टरणीनं गीताला पुन्हा तपासलं, धावपळ करून रक्त मागवलं. पहाटे पोरं आरोळ्या ठोकत इडापिडेचा पुतळा, नारबोद, गावाबाहेर नेत होती, तेव्हा गीताला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

शेवंताबाईंच्या जबड्यावर मात्र पाच बोटं उमटली. डॉक्टरीण म्हणाली, मुका मार आहे, आठवड्यात जाईल.

मुका मार काळानिळा असतो, पोरांनो. हे ठसे तांबडे आहेत. मंजू ओटीभरणाची मेंदी हातावर घेऊन चितेवर गेली होती. यंदाचा पोळाही झाला. ठसे दिवसेंदिवस रंगतच चाललेत... आणि बाईंच्या शेजारी बसलं, की ओल्या मेंदीचा वास येतो.